दंतचक्र वंगणे, वेगवान मोटारगाड्यांतील

मोटारगाडीच्या एंजिनाची शक्ती चाकांपर्यंत नेणाऱ्या यंत्रणेत, म्हणजे गिअरपेटीत आणि आसावरील विभेदी दंतचक्रमालेत, जी तेले भरलेली असतात त्यांना दंतचक्र वंगणे किंवा व्यवहारात गिअर ऑइल असे म्हणतात. विभेदी दंतचक्रमाला म्हणजे कारखान्यांच्या बोलीतील डिफरन्शियल. वळणावर आतील व बाहेरील चाकांना निरनिराळ्या गतींनी फिरू देणे हे तिचे काम. स्वयंचलित गिअरपेटीतील द्रवाचाही या वर्गात समावेश होतो. मात्र तो केवळ वंगण नसतो. शक्ती वाहून नेणे, दाबाने झडपा हलविणे आणि क्लचच्या तबकड्यांना हवे तेवढे घर्षण मिळू देणे ही कामेही त्याच्याकडे असतात. एंजिनातील तेल काजळीने काळे पडते व ठराविक अंतरानंतर बदलले जाते, त्यामुळे त्याकडे सर्वांचे लक्ष असते. गिअरपेटीतील तेल दृष्टिआड असते आणि बहुधा गिअर अडू लागला किंवा मागील आसातून घरघर ऐकू आली म्हणजेच त्याची आठवण होते. शर्यतीच्या व वेगवान क्रीडा मोटारींना ही उपेक्षा सोसत नाही.

या तेलांचा इतिहास समजण्यासाठी एक विसंगती प्रथम ध्यानात घ्यावी लागते. दंतचक्रांच्या दात्यांमध्ये घर्षण जितके कमी तितके चांगले. परंतु त्याच पेटीत, त्याच तेलात बुडालेले असे काही भाग असतात की, ज्यांचे काम घर्षणाशिवाय चालतच नाही. गिअर बदलताना दोन चक्रांच्या गती जुळविणारी पितळी कडी, स्वयंचलित पेटीतील क्लचच्या तबकड्या आणि मर्यादित घसरणीच्या विभेदी मालेतील तबकड्या हे असे भाग होत. एकाच तेलाने एके ठिकाणी घसरू द्यावे आणि दुसरीकडे पकड द्यावी, ही मागणी गेली सुमारे शंभर वर्षे अभियंत्यांना व तेलरसायनज्ञांना सतावीत आली आहे. कोणत्या गाडीत कोणते तेल घालावे हा प्रश्न तेलाच्या ‘उच्च’ किंवा ‘नीच’ दर्जाचा नसून, एका तेलात कोणकोणते भाग एकत्र नांदतात याचा आहे.

प्रारंभीचा काळ : विभेदी दंतचक्रमाला मोटारगाडीहून जुनी आहे. ओनेसिफोर पेकर या फ्रेंच अभियंत्याने १८२७ मध्ये वाफेच्या गाडीसाठी तिचे एकस्व घेतले होते. सरकत्या दंतचक्रांची गिअरपेटी पानार व लव्हासॉर यांच्या फ्रेंच गाड्यांत १८९१ च्या सुमारास आली. त्या काळच्या दंतचक्रांचे दाते सरळ व ओबडधोबड असत, गती कमी असे आणि पेट्यांचे जोड पुरेसे घट्ट नसत. त्यामुळे वंगणाची निवड मुख्यतः ते गळून जाऊ नये या दृष्टीने होई. चरबी, घट्ट ग्रीज आणि वाफ एंजिनांच्या सिलिंडरांसाठी बनविलेले दाट, काळसर तेल ही त्या काळची वंगणे. थंडीत ती इतकी घट्ट होत की, सकाळी गिअर हलविणे हे अंगमेहनतीचे काम होऊन बसे. तरीही दात्यांना यापेक्षा अधिक काही लागत नव्हते. सरळ किंवा तिरप्या दात्यांची चक्रे एकमेकांवर बरीचशी गडगडतात. त्यांच्यातील घसरण थोडी असते आणि तेवढ्यासाठी खनिज तेलाचा दाट थर पुरतो. आजही काही जुन्या गाड्यांच्या गिअरपेट्यांत कोणतेही रासायनिक द्रव्य न मिसळलेले तेल चालते, ते यामुळेच.

हायपॉइड दंतचक्रे : या शांत स्थितीला धक्का दिला तो १९२५ च्या सुमारास. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथील ग्लीसन या दंतचक्र बनविणाऱ्या कंपनीने हायपॉइड नावाची दंतचक्राची जोडी तयार केली. मागील आसावर एक लहान चक्र मोठ्या चक्राला फिरविते; आपल्याकडील कारागीर त्या जोडीला ‘क्राउन-पिनियन’ म्हणतात. पूर्वी या दोहोंचे अक्ष एकमेकांना छेदत. हायपॉइड रचनेत पिनियनचा अक्ष मोठ्या चक्राच्या अक्षापेक्षा बराच खाली नेलेला असतो. त्यामुळे एंजिनाकडून मागे येणारा लांब दांडा खाली आला, गाडीची जमीन खाली आली आणि गाडीचा गुरुत्वमध्यही उतरला. शिवाय पिनियन जाड करता आले, एका वेळी अधिक दाते परस्परांत गुंतू लागले व आवाज कमी झाला. अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने १९२६ मध्ये ही जोडी आपल्या गाड्यांत आणली आणि पुढील दहा-पंधरा वर्षांत ती बहुतेक अमेरिकन गाड्यांत रूढ झाली.

या लाभाची किंमत तेलाला मोजावी लागली. हायपॉइड जोडीत दाते केवळ गडगडत नाहीत, तर आपल्या लांबीच्या दिशेने एकमेकांवर सतत घासत सरकतात. प्रचंड दाब आणि वेगवान घसरण एकत्र आली म्हणजे तेलाचा थर तुटतो, धातूला धातू भिडतो, स्पर्शबिंदू क्षणभर वितळण्याइतका तापतो व तेथे बारीक सांधे बसून पुन्हा तुटतात. दात्याच्या पृष्ठावर ओरखडे उमटतात आणि एकदा हे सुरू झाले की, काही किमी.तच दाते निकामी होतात. पिनियन अडकल्यास मागील चाके एकाएकी जागच्या जागी थांबतात. भर वेगात हे किती घातक आहे, हे वेगळे सांगावयास नको. स्पर्शबिंदूवरील या क्षणिक तापमानाचे गणित हार्मेन ब्लोक या डच शास्त्रज्ञाने १९३७ मध्ये मांडले. परंतु कारखान्यांना उपाय त्याआधीच शोधावा लागला होता.

तो उपाय रासायनिक होता. तेलात गंधक, क्लोरिन व शिशाचे साबण मिसळण्यात आले. ही द्रव्ये थंड धातूवर फारशी क्रिया करीत नाहीत. मात्र स्पर्शबिंदू जेथे तापतो तेथेच लोखंडाशी त्यांचा संयोग होऊन आयर्न सल्फाइडासारख्या संयुगाचा पातळ पापुद्रा बनतो. धातूऐवजी तो पापुद्रा झिजतो व पुन्हा बनतो. अशा द्रव्यांना अतिदाब समावेशके म्हणतात. पुढे शिसे व क्लोरिन मागे पडले आणि गंधक-फॉस्फरस ही जोडी स्थिरावली. हायपॉइड तेलाचा डबा उघडताच येणारा उग्र, कुजकट वास हा गंधकाचाच होय. ज्याने गाडीखाली झोपून हे तेल कधी काढले आहे त्याला तो वास विसरता येत नाही. कपड्यांतून तो दोन धुलाईंनंतरही जात नाही.

दुसऱ्या महायुद्धात लष्करी वाहनांमुळे या तेलांची कठोर परीक्षा झाली. अमेरिकी सैन्याने १९५० मध्ये एमआयएल-एल-२१०५ आणि १९६२ मध्ये तिच्याहून कडक अशी २१०५-बी ही विनिर्दिष्टी प्रसिद्ध केली. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने पाडलेल्या जीएल-१ ते जीएल-६ या वर्गांपैकी जीएल-४ हा वर्ग साधारणपणे पहिल्या विनिर्दिष्टीशी व जीएल-५ दुसरीशी जुळतो. जीएल-५ तेलाला प्रत्यक्ष आस चाचणीपीठावर बसवून दिलेल्या दोन कसोट्यांत उतरावे लागते : एकीत कमी वेग व मोठा पीळ, तर दुसरीत मोठा वेग व आघाती भार. जीएल-५ मध्ये अतिदाब समावेशकांचे प्रमाण ढोबळमानाने जीएल-४ च्या दुप्पट असते. आकडा मोठा म्हणून तेल अधिक चांगले, हा समज येथूनच सुरू झाला. वस्तुतः हे आकडे म्हणजे पायऱ्या नव्हेत. जीएल-४ व जीएल-५ ही निरनिराळ्या कामांची तेले आहेत.

पितळी कडीचा प्रश्न : कॅडिलॅक गाडीत १९२८ साली गतिजुळणीची गिअरपेटी प्रथम आली. तिचा जनक अर्ल टॉम्पसन हा अमेरिकन अभियंता होता. तोपर्यंत गिअर बदलताना चालकाला दोनदा क्लच दाबून दोन चक्रांच्या गती स्वतःच्या कौशल्याने जुळवाव्या लागत. टॉम्पसनने हे काम शंकूच्या आकाराच्या घर्षणपृष्ठांकडे सोपविले. पितळाची किंवा काशाची कडी पोलादी शंकूवर घासते, तेलाचा थर पुसून काढते, घर्षणाने दोन्ही चक्रे समान गतीला येतात आणि मग दाते आवाज न करता गुंततात. एका सेकंदापेक्षाही कमी वेळात हे घडावयाचे असते. तेल फार निसरडे असेल तर कडी पकडच घेत नाही, गती जुळत नाहीत व गिअर करकरतो. तेल थंडीने फार घट्ट झाले असेल तर ते कडीखालून वेळेवर बाहेर पडत नाही. सकाळी पहिल्या दोन-तीन किमी.त दुसरा गिअर अडतो व पुढे आपोआप सुरळीत होतो, ही तक्रार बहुधा याच कारणाने असते.

गंधकयुक्त अतिदाब तेलाचा तांब्याच्या मिश्रधातूंशी दुहेरी विरोध आहे. एक म्हणजे तप्त अवस्थेत गंधक तांब्यावर क्रिया करून पितळ काळे पाडतो व हळूहळू खातो. दुसरे म्हणजे दात्यांना वाचविणारा निसरडा पापुद्रा कडीची पकड कमी करतो. येथे थोडे तारतम्य ठेवणे इष्ट आहे. तांब्याची घासून चकचकीत केलेली पट्टी तापलेल्या तेलात तीन तास बुडवून तिचा रंग किती बदलतो हे पाहण्याची एक प्रमाणित कसोटी आहे, आणि अलीकडच्या अनेक जीएल-५ तेलांत तांब्याला निष्क्रिय करणारी द्रव्येही मिसळलेली असतात. सर्व जीएल-५ तेले पितळ खाऊन टाकतात, असे सरसकट विधान म्हणून बरोबर नाही. परंतु कडीची पकड बिघडविण्याचा दोष मात्र या द्रव्यांनी जात नाही. म्हणून गतिजुळणीच्या स्वतंत्र गिअरपेटीत उत्पादकाने जीएल-४ सांगितले असताना ‘जास्त संरक्षण’ म्हणून जीएल-५ घालणे हा तोट्याचा व्यवहार ठरतो. उलटपक्षी, हायपॉइड आसात जीएल-४ घालणे ही त्याहून मोठी चूक होय. कडी झिजल्यास गिअर करकरेल; क्राउन-पिनियन गेल्यास गाडी रस्त्यात उभी राहील.

ब्रिटिश क्रीडा मोटारींनी ही अडचण सरळ विभागणीने टाळली. १९६२ ते १९८० या काळात निघालेल्या एमजीबी गाडीत गिअरपेटीत एंजिनाचेच तेल घालावे आणि मागील आसात मात्र ९० क्रमांकाचे हायपॉइड तेल घालावे, अशी उत्पादकाची सूचना होती. या गाडीबरोबर मिळणारी लेकॉक कंपनीची ओव्हरड्राइव्ह यंत्रणा गिअरपेटीच्याच तेलावर चाले आणि तिच्यात शंकूच्या आकाराचा क्लच असे. त्या पेटीत कोणी हायपॉइड तेल ओतले की, तो क्लच घसरू लागे. आपण महागडे व दणकट तेल घातले आणि यंत्रणा बिघडली, याचा उलगडा अनेक मालकांना होत नसे.

अशी विभागणी सर्वत्र शक्य नव्हती. एंजिन मागे किंवा आडवे बसविलेल्या गाड्यांत गिअरपेटी व विभेदी माला एकाच आवरणात आल्या. फोक्सवागेनची बीटल आणि १९६४ मध्ये उत्पादनास आलेली पोर्श ९११ ही याची प्रसिद्ध उदाहरणे. तेथे पितळी कड्या आणि आसावरील चक्रे एकाच तेलात फिरतात आणि तेलाला मधला मार्ग काढावा लागतो. ब्रिटनमधील १९५९ च्या मिनी गाडीने तर कमालच केली : एंजिन, गिअरपेटी व विभेदी माला या तिघांना एकच तेल. ॲलेक इसिगोनिस या अभियंत्याची ही रचना जागा वाचविण्याच्या दृष्टीने विलक्षण होती. एंजिन आडवे असल्याने शक्तीची दिशा काटकोनात वळवावी लागत नाही, म्हणून हायपॉइड जोडी नको आणि गंधकही नको. मात्र एंजिनाच्या तेलात दात्यांनी झिजविलेला धातू मिसळतो व दाते तेलाचे रेणू चिरडून ते पातळ करतात. त्यामुळे या गाड्यांचे तेल वारंवार बदलावे लागते. भारतात १९८३ पासून निघालेल्या मारुती ८०० मध्येही एंजिन आडवे होते व गिअरपेटी आणि विभेदी माला एका तेलात होत्या. एंजिनाचे तेल मात्र वेगळे ठेवलेले होते. त्याआधीच्या ॲम्बॅसडर व मुंबईत कुर्ला येथे बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनी या गाड्यांत मागील आस स्वतंत्र असल्याने आपल्याकडील एक संपूर्ण पिढी ‘नव्वद नंबर’ तेलाशीच परिचित राहिली. आडव्या एंजिनाच्या गाड्या आल्यावरही काही ठिकाणी तेच तेल सवयीने ओतले जाई.

शर्यतीच्या गाड्यांत हा पेच बहुतांशी उरत नाही. त्यांच्या गिअरपेट्यांत पितळी कड्या नसतातच. चक्रांच्या बाजूस असलेले ठसठशीत खुंट एकमेकांत आदळवून गिअर टाकला जातो. इंग्लंडमधील ह्यूलंड कंपनीने आपल्या प्रारंभीच्या शर्यती पेट्या बीटलच्या आवरणावरच रचल्या होत्या. तेथे जीएल-५ दर्जाचे दाट तेल निर्धास्तपणे वापरता येते. एखाद्या शर्यतपटूने शिफारस केलेले तेल रस्त्यावरच्या गाडीला का मानवत नाही, याचे हे एक साधे उत्तर आहे.

मर्यादित घसरणीची विभेदी माला : साध्या विभेदी मालेचा गुणच वेगवान गाडीत दोष ठरतो. वळणावर आतील चाकावरील भार कमी होतो, ते जागीच फिरू लागते आणि सगळी शक्ती त्याच चाकात वाया जाते. १९३० नंतरच्या दशकात आउटो उनिऑन या जर्मन शर्यतमोटारींना हा त्रास फार झाला. फेर्डिनांट पोर्श यांच्या मागणीवरून झेडएफ या कंपनीने दोन्ही चाकांच्या गतींतील फरक मर्यादित ठेवणारी माला त्यांच्यासाठी तयार केली. रस्त्यावरील गाड्यांत ही कल्पना पॅकार्डने १९५६ मध्ये व शेव्हरोलेने १९५७ मध्ये ‘पॉझिट्रॅक्शन’ या नावाने आणली. तिच्या सर्वांत रूढ प्रकारात चाकांच्या दांड्यांवर तबकड्यांचे क्लच बसविलेले असतात व ते स्प्रिंगच्या आणि पिळाच्या जोराने दाबले जातात.

या तबकड्या हायपॉइड तेलातच बुडालेल्या असतात आणि येथे विसंगती पुन्हा डोके वर काढते. स्थिर तबकड्यांमधील घर्षण हे सरकत्या तबकड्यांमधील घर्षणापेक्षा जास्त असेल, तर तबकड्या अडतात, सुटतात, पुन्हा अडतात. गाडी उभी करण्यासाठी हळू वळविताना मागून येणारी खडखड व हिसके हे त्याचे लक्षण. यावर उपाय म्हणून तेलात घर्षण-नियामक द्रव्य मिसळतात. त्याचे रेणू धातूला चिकटून स्थिर घर्षण उतरवितात, परंतु सरकते घर्षण फारसे बदलत नाहीत. अमेरिकन गाड्यांसाठी याची छोटी बाटली, साधारण १०० ते १२० मिलि.ची, वेगळी मिळत असे व मिळते. ती कमी पडली तर खडखड राहते; अधिक ओतली तर तबकड्या निसटू लागतात आणि ज्यासाठी जास्त पैसे मोजले ती पकडच नाहीशी होते. नवे तेल घातल्यावर मोकळ्या मैदानात इंग्रजी आठच्या आकड्यासारखी सावकाश वळणे घेण्याची प्रथा आहे. तेल तबकड्यांच्या फटींत शिरावे हा तिचा हेतू असून ती अडाणी समजूत नव्हे. तबकड्यांऐवजी मळसूत्री चक्रांच्या दाबावर चालणाऱ्या टॉर्सेन प्रकारच्या मालेला हे द्रव्य लागत नाही. तेथे ते घातल्यास घर्षण कमी होऊन मालेचे कामच मंदावते.

देवमाशाचे तेल : स्वयंचलित गिअरपेटी १९३९ मध्ये हायड्रामॅटिक या नावाने ओल्डस्मोबिल गाड्यांसाठी बाजारात आली. तिच्याही मागे टॉम्पसनच होता. तिच्यासाठी जनरल मोटर्सने १९४९ मध्ये ‘टाइप ए’ या द्रवाची आणि १९६७ मध्ये डेक्सरॉन या द्रवाची विनिर्दिष्टी काढली. गळती झाल्यास ती एंजिनाच्या तेलाची की गिअरपेटीच्या, हे ओळखता यावे म्हणून या द्रवाला लाल रंग दिला जातो. तबकड्या मऊपणे जुळाव्यात म्हणून त्यात जे घर्षण-नियामक वापरले जाई, ते स्पर्म जातीच्या देवमाशापासून मिळणारे तेल होते. रासायनिक दृष्ट्या हे तेल म्हणजे नेहमीची वसा नसून द्रवरूप मेण आहे. ते थंडीत गोठत नाही, उष्णतेने लवकर विटत नाही आणि धातूला घट्ट धरून राहते. गंधकाशी संयोग घडवून तेच तेल दंतचक्र वंगणांतही घातले जाई. रस्त्यावरून धावणाऱ्या कोट्यवधी गाड्यांच्या पोटात महासागरातील एका प्राण्याचा अंश होता, याची त्यांच्या मालकांना बहुधा गंधवार्ताही नव्हती.

अमेरिकेने १९७० मध्ये स्पर्म देवमाशाचा समावेश संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत केला व त्याच्या तेलाची आयात बंद झाली. पर्यायी द्रव्ये घाईने शोधावी लागली. १९७३ च्या डेक्सरॉन-२ या द्रवाची पहिली आवृत्ती शीतकातील तांब्याचे मिश्रधातू व डाख खाऊ लागली. शीतकाचे पाणी गिअरपेटीत शिरून पेट्या निकामी होऊ लागल्या आणि संक्षारणरोधक द्रव्य घालून सुधारलेली आवृत्ती काढावी लागली. देवमाशाच्या तेलाशी रेणुरचनेने सर्वांत जवळचे तेल वाळवंटी प्रदेशातील जोजोबा या झुडपाच्या बियांत सापडते. अमेरिका, इझ्राएल आणि आपल्याकडे राजस्थानात त्याची लागवड झाली. तथापि प्रत्यक्षात मोठ्या प्रमाणावर जागा घेतली ती कृत्रिम एस्टरांनी. आंतरराष्ट्रीय देवमासे आयोगाने १९८२ मध्ये व्यापारी शिकारीस स्थगिती दिली, तेव्हा मोटारउद्योगाला त्या तेलाची गरज उरलेली नव्हती. शिकार थांबविल्याने उद्योग बुडेल, असा युक्तिवाद करणाऱ्यांनी हे उदाहरण पाहावयास हवे होते.

याच काळात फोर्डने जनरल मोटर्सच्या उलट मार्ग धरला. तिच्या ‘टाइप एफ’ द्रवात घर्षण-नियामक नव्हते, त्यामुळे तबकड्या चटकन व हिसक्याने जुळत. सामान्य प्रवाशांना ते आवडले नाही. पण सरळ धावपट्टीवरील शर्यतींच्या शौकिनांनी दुसऱ्या कंपन्यांच्या गिअरपेट्यांतही मुद्दाम तोच द्रव ओतण्यास सुरुवात केली. हिसका बसला तरी तबकड्या घसरून जळत नाहीत, हा त्यांचा हिशेब होता.

दाटपणा व बदल : तेलाच्या दाटपणाचे, म्हणजे श्यानतेचे, क्रमांक अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या संस्थेने ठरविलेले आहेत. एंजिनाच्या तेलांचे व दंतचक्र तेलांचे क्रमांक मुद्दाम वेगळ्या श्रेणींत ठेवले असल्याने त्यांची तुलना होऊ शकत नाही. ९० क्रमांकाच्या दंतचक्र तेलाची १००° से. तापमानास श्यानता १३·५ ते १८·५ सेंटिस्टोक असते, म्हणजे ते एंजिनाच्या ४० किंवा ५० क्रमांकाच्या तेलाइतकेच दाट असते. ‘नव्वद’ हे ‘पन्नास’पेक्षा जवळजवळ दुप्पट दाट, हा कारागिरांचा समज चुकीचा आहे. २००५ मध्ये ९० व १४० यांच्यामध्ये ११० हा नवा क्रमांक घालण्यात आला, कारण पूर्वीची ९० क्रमांकाची मर्यादा फारच सैल होती. ७५डब्ल्यू हे तेल −४०° से. तापमानासही दात्यांपर्यंत पोहोचण्याइतके वाहते. ८०डब्ल्यू −२६° से.पर्यंत. कोकणात किंवा विदर्भात या दुसऱ्या आकड्याचे महत्त्व नाही. तेथे वेगाने चालविलेल्या गाडीत तेल तापून पातळ होणे हीच खरी काळजी आहे, आणि तेथे कृत्रिम तेलाचा खरा उपयोग होतो.

तेल तापते ते दात्यांच्या घसरणीने आणि स्वतःच्या घुसळणीने. तापमान दर १०° से. वाढल्यास ऑक्सिडीभवनाची गती साधारण दुप्पट होते. म्हणून शर्यतीच्या गाड्यांत विभेदी मालेसाठी स्वतंत्र पंप व शीतक बसवितात आणि तेल काही शर्यतींनंतरच नव्हे, तर कधी प्रत्येक शर्यतीनंतर बदलतात. नव्या आसातील दाते परस्परांशी जुळताना बराच बारीक धातू सोडतात. म्हणून बीएमडब्ल्यूच्या ‘एम’ मालिकेतील गाड्यांत पहिल्या २,००० किमी.नंतर एंजिनाबरोबर विभेदी मालेचेही तेल बदलण्याची पद्धत आहे. याउलट अनेक गाड्यांच्या पुस्तिकांत स्वयंचलित गिअरपेटीचे तेल ‘आजीवन’ असल्याचे छापलेले असते. कोणाच्या जीवनाचे, हा प्रश्न विचारणे योग्य ठरेल. कारण ज्या झेडएफ कंपनीच्या पेट्या अशा अनेक गाड्यांत असतात, ती स्वतः ८०,००० ते १,२०,००० किमी. किंवा आठ वर्षांनी तेल बदलण्यास सांगते. हमीचा काळ आणि यंत्राचे आयुष्य या दोन भिन्न गोष्टी आहेत.

बदलण्याचे काम अवघड नाही, पण क्रम महत्त्वाचा आहे. थोडे चालवून तेल कोमट करावे, गाडी सपाट जागी उचलावी आणि खालचे बूच उघडण्यापूर्वी वरचे, भरण्याचे बूच निघते की नाही ते पाहावे. तेल काढून टाकले आणि भरण्याचे बूच गंजून बसलेले आढळले, तर गाडी आहे तेथेच अडकते. बुचाच्या चुंबकावर करडा, लोण्यासारखा लगदा असणे स्वाभाविक आहे. टोकदार कण किंवा दात्याचा तुकडा आढळल्यास पेटी उघडावी लागते. निघालेले तेल सोनेरी झाक मारीत असेल तर पितळी कड्या झिजत आहेत असे समजावे. नवे तेल भरण्याच्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत भरतात. जास्त भरल्यास ते घुसळून फेसाळते, तापते व जोडांतून गळते. आधुनिक स्वयंचलित पेट्यांत मात्र पातळी एंजिन चालू ठेवून, तेल ठराविक तापमानाला आल्यावरच तपासावी लागते.

दुहेरी क्लचच्या पेट्यांनी जुना वाद नव्या स्वरूपात समोर आणला. फोक्सवागेनने २००३ मध्ये गोल्फ आर-३२ गाडीत आणलेल्या पेटीत क्लच, दंतचक्रे व विभेदी माला यांना एकच तेल आहे व ते दर ६०,००० किमी.ला गाळणीसह बदलावे लागते. पोर्शने २००८ मध्ये ९११ साठी केलेल्या पेटीत मात्र क्लच व दाबयंत्रणा यांचे तेल वेगळे आणि दंतचक्रे व आसावरील जोडी यांचे तेल वेगळे, असे दोन कप्पे ठेवले. एमजीबीच्या मालकाला जी विभागणी सहज मिळाली होती, ती येथे एकाच आवरणाच्या आत पुन्हा उभी केलेली दिसते.

विजेवर चालणाऱ्या वेगवान गाड्यांत गिअरपेटी एकाच टप्प्याची असते, पितळी कड्या नसतात आणि बहुधा हायपॉइड जोडीही नसते. परंतु २०१७ च्या टेस्ला मॉडेल-३ सारख्या गाड्यांत दंतचक्रांचे तेलच विद्युत् चलित्राच्या गुंडाळ्यांना थंड करण्यासाठी फिरविले जाते. गुंडाळ्या तांब्याच्या असतात. त्यामुळे अशा गाड्यांच्या तेलात गंधक किती ठेवावा आणि तेलातून विजेची गळती किती होऊ द्यावी, या प्रश्नांवर तेल कंपन्यांच्या प्रयोगशाळांत काम चालू असून तांब्याच्या पट्टीची जुनी कसोटी तेथे अधिक तापमानाला व अधिक काळ घेतली जाते.